लिंबाचं वळण

बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावच्या बाजूला सरकारी कामावर रस्ता चालला होता. गावाच्या चुली त्या कामावरच पेटत होत्या. रस्त्याच्या मधोमध एक जुना लिंब आला. ओव्हरसियरसाहेबांनी तो तोडायला सांगितलं, तशी खडी फोडणारी बनुबाई चार बायांना घेऊन लिंबाला पाठ लावून बसली.

"झाड तोडू देनार न्हाई, सायेब."

बायांची झाडावरची माया बघून साहेब गहिवरले. वरच्या कचेरीत भांडून त्यांनी रस्त्याला वळण मंजूर करून आणलं.

"झालं ना मनासारखं, बनुबाई?"

"व्हय. वळनानं काम किती दिस लांबंल?"

"पंधरा दिवस तरी."

बनुबाई पदर खोचत उठली.



"मंग म्होरं ती चिंच बी हाय, सायेब."