माहं नाही जी

मालेगावच्या शाळेच्या मैदानावर पाळीव कुत्र्यांच्या आज्ञापालनाची स्पर्धा होती. जगदेव आपल्या वांग्याच्या वाडीतला भुऱ्या घेऊन तिथं गेला. एरवी एका हाकेला धावत येणारा भुऱ्या लाउडस्पीकरच्या आवाजानं पार बिचकला. "बस" म्हटलं तर उभाच राहिला, "ये" म्हटलं तर पंचांच्या खुर्चीखाली शिरला आणि शेवटी बक्षिसांच्या टेबलापाशी जाऊन त्यानं तंगडी वर केली. सगळं मैदान खो खो हसलं.

"कोनाचं हाय हो हे कुत्रं?" पंचांनी माइकवरून विचारलं.

जगदेवचे कान तापले. "शेजाऱ्याचं हाय जी," तो म्हणाला. "माहं नाही. मी नुस्तं घेऊन आलो."

"मंग सोडा त्याले. जाईन आपल्या मालकापाशी."

जगदेवनं दोरी सोडली आणि मान खाली घालून तो गर्दीत पार मागं जाऊन उभा राहिला. भुऱ्या मैदानाच्या मधोमध एकटाच गोल गोल फिरला. मग जमीन हुंगत निघाला, माणसांच्या पायांमधून वाट काढत थेट जगदेवसमोर आला आणि कोणी न सांगता बसला.

आता कोणी हसलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं हळूच विचारलं, "तुमचंच हाय ना जी?"

"हो," जगदेव म्हणाला. पण त्याचा आवाज इतका खोल गेला होता, की तो भुऱ्याखेरीज कोणालाच ऐकू गेला नाही.