धुतलेली तिकिटं

भाचीने आल्या आल्याच विचारलं, आईच्या हातचं काही मामाकडे आहे का. एखादं पत्र, दोन ओळी, काहीही चालेल. आई जाऊन महिना होत आला होता आणि घरात तिच्या अक्षरातली साधी चिठ्ठीही सापडत नव्हती.

ताई भावाला वर्षानुवर्षं पत्रं लिहायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामा लगबगीने उठला आणि कपाटातून अल्बम घेऊन आला. त्याला तिकिटांचं वेड, त्यात हा संच म्हणजे जीव की प्राण. टपाल कसकसं पोचत आलं याचा अख्खा इतिहास: थैली खांद्यावर टाकून पळणारा हरकारा, मग घोडागाडी, होडी, आगगाडी, शेवटी विमान. एकूण एक तिकीट ताईने पाठवलेलं. धाकट्याचा संच पुरा व्हावा म्हणून ती पोस्टातल्या बाईंच्या मागे लागायची, आणि नवं तिकीट हाती आलं की लगेच पत्र लिहायला बसायची.

"आणि पत्रं?" भाचीने विचारलं.

"ती नाही ठेवली गं," मामा म्हणाला. पत्रं तो वाचायचा की! पण घाईघाईने, अर्धं लक्ष पाकिटाच्या कोपऱ्यावर. मग तो कोपरा कापायचा, कोमट पाण्यात टाकायचा, तिकीट अलगद सुटलं की टिपकागदावर वाळवायचा. बाकी सगळं रद्दीत. ताईने सासरचं काय काय लिहिलं असेल, देव जाणे. त्याला आठवत होतं ते एवढंच, की घोडागाडीच्या तिकिटाची कड जरा फाटकी निघाली होती आणि त्यावरून त्याने ताईला चांगलं सुनावलं होतं. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

भाची रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच हरकाऱ्याच्या तिकिटावरून बोट फिरवत राहिली.

"समोर डिंकाची बाटली असली तरी आई तिकीट जिभेला लावूनच चिकटवायची," ती म्हणाली. "मामा, हे एक मला देशील?"

मामाने चिमट्याने तिकीट उचललं आणि सवयीने उलटं करून पाहिलं. मागची बाजू पांढरीफटक होती. डिंकाचा कणही राहू नये म्हणून प्रत्येक तिकीट तो दोनदा धुवायचा.