एकशे अठरा

वृंदाने ग्रंथालयाच्या टेबलावरचा मोबाइल पुन्हा उचलून पाहिला. घरी असलेल्या सात वर्षांच्या लेकीची, कनकची, रक्तातली साखर एकशे अठरा. तिच्या दंडावरचं यंत्र दर पाच मिनिटांनी तिच्याजवळच्या फोनमधल्या ॲपला आकडा द्यायचं आणि तो इथे उमटायचा. इन्सुलिन सुरू झाल्यापासून आकडा इतका शहाण्यासारखा कधी वागला नव्हता. अकराला एकशे अठरा, साडेअकराला एकशे अठरा, आता बारालाही तेच.

वृंदा खुर्ची सरकवून उठली. साखर तासभर जागची हलत नाही, असं कधी होतं का?

तिने सासऱ्यांना फोन लावला. "अण्णा, कनक काय करतेय?"

"झोपलीय. एरवी दिवसा डोळा मिटत नाही, आज बघ कशी गप पडलीय." रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला तरी चिडणारे अण्णा खुशीत म्हणाले, "आणि तिच्या फोनमध्ये मागे काय काय चालू राहिलं होतं, ते सगळं बंद केलं मी. फुकट बॅटरी जात होती."

"अण्णा, तिला आधी उठवा! साखरेचं पाणी पाजा आणि ते ॲप उघडा!"

"कनू... ए बाळा..." अण्णांचा आवाज फाटत गेला. मग कण्हणं ऐकू आलं, पेल्यात चमचा वाजत राहिला. अण्णांनी ॲप उघडताच वृंदाच्या मोबाइलवरचा आकडा एकदम सत्तेचाळीसवर कोसळला.

कितीतरी वेळाने बारीक, चिडका आवाज आला, "अण्णा, पंखा का बंद केलात? घामाने सगळी भिजले मी."

"चालूच आहे गं बाळा," अण्णा रडत म्हणाले.