दोन सेकंद

"हे स्टॉपवॉच पुढे पळतं, पोरी. फेरीमागे दोन सेकंद जास्त दाखवतं," म्हातारे मॅलकी सर खाली बघत म्हणाले.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत दोनदा जगज्जेती ठरून डर्व्हला आज निवृत्त झाली होती. आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या याच कुरणात, मेंढ्या हाकलून, सरांनी वीस वर्षं तिची एकेक फेरी या घड्याळावर मोजली होती.

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तू जीव तोडून धावायचीस आणि मी म्हणायचो, कमी पडलीस."

डर्व्हलाने काचेवरच्या जुन्या चऱ्यावरून अंगठा फिरवला.

"मलाही ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात भावाच्या घड्याळाशी ताडून पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही ते दुरुस्त करून आणलं असतं."