सरांच्या मागून

इंग्रजीच्या तासाची घंटा झाली तशी कुसुमलतानं अर्धवट विणलेला मोजा शेवंताच्या मांडीवर टाकला आणि पुस्तक काखेत मारलं.

"कुठी चालली वं?" शेवंतानं विचारलं.

"तासाला."

मुलींच्या खोलीतल्या बाकीच्या दोघींच्याही सुया थांबल्या. पाचोऱ्याच्या त्या शाळेत मुली सरांच्या मागून वर्गात जात आणि तास संपला की सरांच्याच मागून बाहेर येत. आठवीपासून अकरावी मॅट्रिकपर्यंत हेच चालत आलं होतं. पण इंग्रजीचे वाणी सर दिवाळीपासून विषमज्वरानं धुळ्याला अंथरूण धरून होते. पोरांचं काही अडलं नाही. अभिमन मॉनिटर रोज धडा मोठ्यानं वाची, बाकीचे डिक्शनरीत डोकं घालून अर्थ लावत. मुलींनी मात्र कुणाच्या मागून आत जायचं? हेडमास्तरांनी तोडगा काढला, मुलींनी त्या तासाला विणकाम करावं. मार्चमध्ये बोर्ड जणू मोजेच तपासणार होतं.

"माह्या बापाले समजलं त उद्यापासून शाळा बंद व्हईन," शेवंता म्हणाली.

"मी इंग्रजीत नापास झाले की माझी बंदच आहे."

ते खरं होतं. कुसुमलताचे वडील, कापडवाले उत्तमचंद, एकदा बोलले की बोलले. पास झाली तर जळगावचं कॉलेज, नापास झाली तर वैशाखात मांडव, असं त्यांनी सगळ्या घरादेखत सांगून टाकलं होतं. स्थळही बघून ठेवलं होतं. कुसुमलताला मांडव नको होता. तिला कॉलेज हवं होतं, आणि हवं म्हणजे हवंच होतं.

ती निघाली. पटांगण ओलांडताना छाती धडधडत होती आणि त्या धडधडीचाच तिला राग येत होता. आपल्याच वर्गात जायचं तर त्यात भ्यायचं काय? मागून चपला फटफटल्या. कोण येतंय ते बघायला ती थांबली नाही. थांबली असती तर पाय पुन्हा उचलला नसता.

वर्गात अभिमनचं वाचन चाललं होतं. दारात मुली दिसल्या आणि सगळी पोरं ताडकन उभी राहिली. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. मुली आल्या म्हणजे सर आलेच. अभिमननंही घाईघाईनं पुस्तक मिटलं. मग सगळ्यांचे डोळे सरांना शोधू लागले. मुलींच्या पुढे सर नव्हते. पुढे कुसुमलता होती.

कुणी हसेना. बसा म्हणणारं कुणी नाही, म्हणून कुणी बसेनाही.

तिला खालमानेनं आपल्या बाकावर जाता आलं असतं. अर्ध्या वाटेपर्यंत ती गेलीही. मग तिची तिलाच चीड आली. ती वळली, सरांच्या टेबलाशी गेली आणि पुस्तक उघडलं.

"सिट डाउन," ती म्हणाली.

पोरं बसली, मुलीही आपल्या बाकावर जाऊन बसल्या. अभिमनही बसला, आणि बसल्यावर आपण का बसलो म्हणून डोकं खाजवू लागला.

तिनं वाचायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी आवाज कापला, तिसऱ्या ओळीपासून सापडला. पान उलटायच्या आतच हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. शिपायानं चहाडी केली असणार. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मुलींच्या बाकाकडे पाहिलं.

"या मुलींना आत कुणी आणलं?"

अभिमननं मान खाली घातली. कुसुमलता उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच मुलींच्या बाकावरून शेवंता उठली. तिच्या हातात अजून तो मोजा होता. तो तिनं बाकावर ठेवला.

"आमी आमच्या पायानं आलो, सर."