आजची नवी घरं

"काका, माईक सुरू करा! काही ऐकू येत नाहीये!" मोबाइलवरच्या सगळ्या चौकटींतून एकच गलका झाला.

वर्षभर क्लबच्या मीटिंगा अशा घरबसल्याच चालल्या होत्या आणि पेठेकाका दरवेळी माईक सुरू करायला हमखास विसरायचे. करोना झालेल्या घरांना क्लब जेवणाचे डबे पोचवायचा. उद्यापासून कोणत्या नव्या घरी डबा द्यायचा, ती यादी रोज संध्याकाळी काका वाचून दाखवायचे. "काकांच्या एकट्या जिवाला तेवढाच विरंगुळा," असं म्हणत क्लबची सचिव शैलजा कपाळावर हात मारून घ्यायची. आजही ती हसतच होती. मग तिची नजर काकांच्या चौकटीतल्या माईकच्या खुणेवर गेली आणि तिचं हसू थांबलं.

माईक सुरूच होता.

काकांचे ओठ हलत होते, खांदे वरखाली होत होते, पण तोंडातून आवाज फुटत नव्हता.

"बोलू नका, काका," ती घाईघाईनं म्हणाली. "यादी नुसती कॅमेऱ्यासमोर धरा."

थरथरता कागद स्क्रीनभर झाला. शैलजा मोठ्यानं वाचू लागली. नेहमीसारख्याच प्रत्येक घरापुढे काकांनी बारीक अक्षरात सूचना लिहिल्या होत्या.

"सबनीस, तीन डबे, आजींना तिखट चालत नाही. मुजावर, दोन डबे, फाटकाशी कुत्रा असतो, सांभाळून."

शेवटची ओळ मात्र तिनं एकेक शब्द करत वाचली.

"पेठे, एक डबा. आदल्या दिवशीचा डबा दारात तसाच भरलेला दिसला, तर किल्ली कुंडीखाली आहे."