तोंडी परीक्षेच्या मॅडम

"चेहऱ्यावर हे सुतक कशाला, इंदाय, पोरी? आत काय फाशी देणारेत?"

मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावरून ज्युविलिन दचकून उठली. पांढऱ्या गणवेशातली, पन्नाशीकडे झुकलेली एक बाई चष्म्यावरून तिला न्याहाळत होती. मांडीवर जाडजूड फाईल. शिपायानं अदबीनं "मॅडम, पाणी?" विचारलं, तशी ज्युविलिनची खात्रीच पटली. परीक्षक! तिनं झटकन आशीर्वादासाठी बाईंचा हात आपल्या कपाळाला लावला.

"सुखी राहा. आत काय सांगणार?"

"बाबा मासेमारी करतात, घर गळतं..."

"ते रडगाणं बाहेर ठेव. इथे गरिबी नाही, गुण बघतात."

वैद्यकीची शिष्यवृत्ती एकच होती आणि मुलाखतीला एकवीस जण. मिळाली तर इलोइलो शहरात डॉक्टरकी. नाहीतर संध्याकाळच्या बोटीनं परत बेटावर, आईबरोबर मासे विकायला.

"सांग, तुमच्या बेटावर बाळंतीण अडली. समुद्र खवळलेला, बोट नाही. काय करशील?"

ज्युविलिननं पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं.

"पुस्तक मिट, बाई! ती तुझ्यासमोर कण्हतेय. आधी काय विचारशील?"

ज्युविलिननं पाठांतर सोडून दिलं. मग हळूच म्हणाली, "तिचं नाव."

बाईंचे डोळे लकाकले. "हां! आता पुढचं बोल."

ती बोलत गेली. बाई चुका काढत गेल्या, मधूनच "शाब्बास!" म्हणत गेल्या.

"मॅडम, तुमचे उपकार..."

"अगं, मॅडम कसली? मी तर..."

तेवढ्यात शिपायानं ज्युविलिनचा नंबर पुकारला.

आत पाच जण बसले होते, सहावी खुर्ची रिकामी. मॅडम मागाहून येणार, हे तिनं ओळखलं. आणि पहिलाच प्रश्न? अडलेली बाळंतीण!

'देवा, पेपर फुटला की रे! पाप माझ्या माथी नको मारूस,' म्हणत तिनं मनातल्या मनात क्रूस काढला आणि तोंड उघडलं. मागे कुणीतरी ताल धरावा, तशी तिची वाणी चालली.

दुपारी यादी लागली. सगळ्यात वर ज्युविलिन! ती किंचाळतच धावली आणि बाईंच्या गळ्यात पडली. बाईंनीही तिला धरून व्हरांड्यात दोन गिरक्या घेतल्या. शिपाई टाळ्या पिटू लागला.

"मॅडम, तुम्ही भरभरून मार्क दिलेत म्हणून!"

बाई धापा टाकत, डोळे पुसत हसल्या.

"मी कुठले मार्क देणार, वेडे? तुझ्याआधी त्याच प्रश्नाला आत मीही उत्तर देऊन आले, आणि यादीत तुझ्या खालोखाल दुसरं नाव माझंच आहे."